लिनक्सवर फायरफॉक्सचा व्हिडिओ प्लगइन बसत नसेल तर आधी प्रोफाइल फोल्डर शोधा

फायरफॉक्सच्या ॲड-ऑन्स पानावर 'प्लगइन्स' उघडलं की लिनक्सवर दोन नावं दिसतात: सिस्कोचा ओपनएच२६४ आणि गूगलचा वाइडव्हाइन. कधी कधी त्यांच्याखाली 'लवकरच इन्स्टॉल होईल' अशी ओळ येते आणि दोन दिवसांनीही ती तशीच असते. मग नवखा माणूस टर्मिनल उघडून सुडो ॲप्टच्या (पॅकेज बसवायच्या आज्ञेच्या) मागे लागतो आणि तिथेच वाट चुकते.

डेबियन-उबुंटूवर हे दोन्ही प्लगइन ॲप्ट बसवत नाही, ब्राउझर स्वतः बसवतो. एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीच्या पेटंटची रॉयल्टी सिस्को भरते, पण ती सिस्कोने बांधून सिस्कोच्याच सर्व्हरवरून दिलेल्या बायनरीपुरती (तयार प्रोग्राम फाइलपुरती). म्हणून २०१४ मधल्या फायरफॉक्स ३३ पासून ब्राउझर ती फाइल थेट तिथून उतरवतो. वाइडव्हाइन गूगलच्या सर्व्हरवरून येतो. दोन्ही जातात तुमच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये, म्हणजे फायरफॉक्स तुमच्या सेटिंग्ज जिथे ठेवतो तिथे. यूएसआर-लिब या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये शोधत बसू नका, तिथे काही सापडणार नाही.

अडलंय काय, तेही आधी पाहा. ओपनएच२६४ मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी आहे. पैसे भरून पाहायच्या मालिका-सिनेमांच्या साइटला वाइडव्हाइन लागतो. साधी एमपी४ फाइल चालत नसेल तर या दोघांचा बहुधा संबंधच नसतो. तिथे एफएफएमपेगची लिबएव्हीकोडेक लायब्ररी लागते. डेबियनवर ती ॲप्टने येते. फेडोरात मुळात 'एफएफएमपेग-फ्री' असतं, त्यात एच.२६४ चा पूर्ण आधार नाही. आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं पॅकेज-भांडार जोडून पूर्ण पॅकेज घ्यावं लागतं.

आता खरा सापळा. इथे सगळे अडकतात, म्हणून सावकाश वाचा. उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप (बंदिस्त चौकटीत चालणारं पॅकेज) म्हणून येतो. 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' दिलं तरी ते पॅकेज आतून स्नॅपच बसवतं. आणि स्नॅपची प्रोफाइल होममधल्या जुन्या डॉट-मोझिला फोल्डरमध्ये नसते. ती असते होममधल्या 'स्नॅप' फोल्डरात, त्यात 'फायरफॉक्स', त्यात 'कॉमन', आणि त्याच्या आत डॉट-मोझिला. आधी डेब (ॲप्टचं नेहमीचं) पॅकेज वापरलं असेल तर जुनं फोल्डर तिथेच पडून राहतं, दिसायला अगदी जिवंत. तुम्ही त्यात फाइली पुसता, परवानग्या बदलता, ब्राउझर पुन्हा सुरू करता, आणि काहीच फरक पडत नाही, कारण चालू ब्राउझर त्या फोल्डरकडे बघतच नाही. स्नॅप बंदिस्त असल्याने ॲप्टने बसवलेली लिबएव्हीकोडेकही त्याला दिसत नाही; तो आपल्या चौकटीतलीच वापरतो. तेव्हा अंदाज नको. ॲड्रेस पट्टीत 'अबाउट:सपोर्ट' लिहा. 'ॲप्लिकेशन बायनरी'च्या ओळीत स्नॅप दिसतो का पाहा आणि 'प्रोफाइल डिरेक्टरी'समोरचं बटण दाबा. जे फोल्डर उघडेल तेच खरं. बाकी कुठेही हात लावू नका.

त्या फोल्डरात 'जीएमपी-वाइडव्हाइनसीडीएम' आणि 'जीएमपी-जीएमपीओपनएच२६४' अशी दोन फोल्डरं असायला हवीत. वाइडव्हाइनच्या आत आवृत्तीच्या आकड्यांचं फोल्डर, आणि त्यात लायब्ररीची डॉट-एसओ फाइल व मॅनिफेस्ट. फोल्डरच नसेल तर डाउनलोड झालेलं नाही. फोल्डर आहे पण रिकामं असेल तर लिहिताना अडलं: डिस्क किंवा टीएमपी (तात्पुरत्या फाइलींची जागा) भरली आहे का ते 'डीएफ'ने बघा.

पुन्हा प्रयत्न करायला सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली डीआरएमची (कॉपी-संरक्षित व्हिडिओ चालवायची) खूण आधी लावा. ती नसेल तर वाइडव्हाइन येणारच नाही. मग फायरफॉक्स पूर्ण बंद करून अर्धवट जीएमपी फोल्डर पुसा. पुन्हा उघडून 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये 'मीडिया.जीएमपी-मॅनेजर.लास्टचेक' रीसेट करा, कारण ब्राउझर साधारण २४ तासांतून एकदाच विचारायला जातो. त्या प्लगइनच्या नावाची 'व्हर्जन' नोंदही रीसेट करा, नाहीतर जुन्या नोंदीमुळे प्लगइन आधीच बसलाय असा ब्राउझरचा समज होऊ शकतो. ब्राउझर बंद करून परत उघडा, प्लगइन्सच्या पानावर दातेरी चाकातून 'चेक फॉर अपडेट्स' द्या आणि दोन मिनिटं थांबा. बहुतेकांचं काम इथेच होतं. घाबरण्यासारखं काही नाही. तुमचे बुकमार्क आणि पासवर्ड या जीएमपी फोल्डरांत नसतात.

तरीही नाही आलं तर नेटवर्क बघा. ऑफिस-कॉलेजचा प्रॉक्सी किंवा घरचा पाय-होल (जाहिराती अडवणारी यंत्रणा) सिस्कोचा किंवा गूगलचा डाउनलोड पत्ता अडवतो, आणि बाकी सगळं नेट चालू असल्याने शंका येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा करून पाहा, लगेच कळतं.

मग परवानगी. जुन्या मशीनवरून प्रोफाइल सुडोने कॉपी केली असेल तर फाइलींचा मालक रूट (सिस्टिमचा मुख्य वापरकर्ता) होतो आणि ब्राउझरला तिथे लिहिता येत नाही. 'एलएस -एल'मध्ये मालकाचं नाव बघा, रूट दिसला तर 'चोन'ने (chown) मालकी स्वतःकडे घ्या. ७७७ (सगळ्यांना सगळं करू देणारी परवानगी) देऊ नका, कोणीही कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी. आणि सुडो लावून फायरफॉक्स चालवायचा नाही म्हणजे नाही.

होम वेगळ्या पार्टिशनवर 'नोएक्झेक' (इथली फाइल प्रोग्राम म्हणून चालवू नये असा पर्याय) लावून जोडलं असेल तर प्लगइन उतरतो, यादीत दिसतो, आणि व्हिडिओ लावताच क्रॅश होतो. 'फाइंडमाउंट -टी' (findmnt -T, टी मोठा) पुढे प्रोफाइलचा मार्ग द्या, पर्यायांत नोएक्झेक दिसेल. ते काढा किंवा प्रोफाइल दुसरीकडे ठेवा. अल्पाइनसारख्या, मसल (musl) नावाच्या सी लायब्ररीवर आधारित लिनक्सवर मात्र वाइडव्हाइनच्या मागे दिवस घालवू नका. वाइडव्हाइन जीलिबसी (glibc) या दुसऱ्या सी लायब्ररीसाठी बांधलेला आहे.

शॉर्टकटबद्दल स्पष्टच सांगते. मित्राकडून आलेली एसओ फाइल 'प्लगइन्स' फोल्डरात टाकायचा सल्ला मेलेला आहे. मार्च २०१७ च्या फायरफॉक्स ५२ ने फ्लॅश सोडून ती जुनी पद्धत बंद केली आणि जानेवारी २०२१ च्या ८५ ने फ्लॅशही काढला. कर्लने (डाउनलोडच्या आज्ञेने) स्क्रिप्ट ओढून सुडोने चालवायला सांगणारा कितीही अनुभवी असो, आधी ती स्क्रिप्ट वाचा. 'मी करून देतो' म्हणत कीबोर्ड ओढून घेणाऱ्यापेक्षा 'अबाउट:सपोर्ट उघड, काय दिसतं ते वाच' म्हणणारा सीनियर धरा.

स्नॅप नकोच असेल तर मोझिलाची स्वतःची ॲप्ट रेपो (पॅकेज-भांडार) आहे. ती जोडताना प्राधान्याची पिन १००० द्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या अपग्रेडला उबुंटूचं पॅकेज परत स्नॅप आणून बसवेल. आणि डेबवर आल्यावर प्रोफाइल पुन्हा बदललेली असते, तेव्हा अबाउट:सपोर्ट परत उघडा.