शीड आखडताना या चुका टाळा

वारा वाढला की शीड आखडायचं, हे नवख्यालाही ठाऊक असतं. घोळ होतो तो कधी आणि कोणत्या क्रमाने, इथे. पुढचं सगळं एका डोलकाठीच्या छोट्या नौकेबद्दल आहे: पुढे जिब हे शीड, मागे बूम या आडव्या दांड्यावर मेनसेल हे मुख्य शीड, आणि त्यात रीफची (शीड खालून दुमडून लहान करायची) कडी व दोऱ्या.

मागून वारा असताना निवांत बसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. खरा वारा 20 नॉट (ताशी सागरी मैल) आहे, नौका 6 नॉटने वाऱ्यासोबत पळतेय, म्हणजे अंगावर लागतो फक्त 14 नॉट. टिलर (सुकाणूचा दांडा) हलका, वेग झकास, सगळे खूश. रीफचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: ‘बघू पुढे.’ मग वळण येतं, वाऱ्याच्या दिशेने चढायला लागतं आणि अंगावरचा वारा 24 नॉटच्या आसपास जातो. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तो एका वळणात जवळजवळ तिप्पट होतो. नौका आडवी होते, सुकाणूचं पातं अर्धं पाण्याबाहेर येतं आणि टिलर कितीही ओढला तरी नाळ (नौकेचं पुढचं टोक) वाऱ्याकडे फिरते. जिब फडफडून त्याच्या दोन्ही शीट (शीड ताणायच्या दोऱ्या) एकमेकींत गुंततात. शांतपणे दोन मिनिटांत उरकणारं काम आता कुणाला तरी उसळत्या डेकवर डोलकाठीला मिठी मारून करावं लागतं.

त्यामुळे अंगावरच्या वाऱ्यावर विसंबू नका, त्यात नौकेचा वेग मिळवा. लाटांचे माथे सगळीकडे पांढरे दिसू लागले की वळणाची वाट न बघता थोडा वेळ नाळ वाऱ्याकडे आणून रीफ घ्या आणि पुन्हा वाटेला लागा. मेनशीट सोडूनही नौका 20–25 अंशांपेक्षा जास्त कलत असेल किंवा टिलरला दोन हात लागत असतील, तर उशीर झालेलाच आहे.

मागची दोरी आधी ओढणं

रीफची ही दोरी शिडाचं मागचं कडं बूमकडे खेचते. कॉकपिटमधून (सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून) हाताला येते म्हणून अधीर माणूस हीच आधी ओढतो. शिडाची खालची बाजू मागे खेचली जाते आणि पुढचं कडं बूमच्या हुकापासून वीतभर लांब राहतं. मग विंच (दोरी ताणायचं चक्र) फिरवून जबरदस्ती सुरू होते, आणि सगळा ताण डोलकाठीच्या खाचेतल्या एखाद्या प्लास्टिकच्या स्लाइडवर येऊन ती तुटते. क्रम असा ठेवा:

- वारा नाळेच्या बाजूने तिरका येईल अशी दिशा धरा, जिब भरलेलं राहू द्या.
- मेनशीट आणि किकर (बूम खाली ओढून धरणारी दोरी) पूर्ण सैल करा, टॉपिंग लिफ्टने (बूमचं मागचं टोक वरून धरणाऱ्या दोरीने) बूम तोलून धरा.
- हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) खुणेपर्यंत सोडा, पुढचं कडं हुकात घाला.
- हॅलयार्ड पुन्हा ताणा. शिडाच्या पुढच्या कडेला उभी चुणी दिसेपर्यंत.
- आता मागची दोरी, खालची बाजू सपाट होईपर्यंत.
- टॉपिंग लिफ्ट सैल, मग किकर, शेवटी मेनशीट.

हॅलयार्डवर खूण म्हणून मार्करची रेघ चालते, पण ओल्या हाताला अंधारातही लागेल अशी जाड दोऱ्याची गुंडाळी बरी. दुसऱ्या रीफला दोन गुंडाळ्या.

टॉपिंग लिफ्ट विसरलात तर हॅलयार्ड सोडताच बूम कॉकपिटमधल्यांच्या डोक्यावर येते. किकर तसाच ठेवला तर मागची दोरी येतच नाही. तिथे विंच लावणं हा आडदांडपणा आहे.

मधल्या बांधण्यांवर भार देणं

मधल्या बांधण्या म्हणजे शिडाच्या भोकांतल्या छोट्या दोऱ्या; त्या फक्त लोंबणारं कापड आवरायला आहेत. बूमभोवती नाही, जमेल तिथे शिडाच्या खालच्या कडेभोवती बांधा; सैल, ओढल्यावर सुटणाऱ्या गाठीने. रीफ सोडताना आधी सगळ्या बांधण्या, मग मागची दोरी, मग हुक आणि त्यानंतरच हॅलयार्ड. एक बांधणी राहिली आणि हॅलयार्ड ओढलं, तर तिच्या भोकापासून शीड फाटायला लागतं. बांधण्या मोजून सोडायचा कंटाळा करणारे हेच काम शीड शिवणाऱ्याला देतात.

जिबचे घोळ

मेनसेल पूर्ण उतरवून मोठं जिब तसंच ठेवलं, तर नाळ वाऱ्यापासून दूर ढकलली जाते आणि वर चढणं अवघड होतं. दोन्ही शिडं मिळून कमी करा. गुंडाळीच्या (स्वतःभोवती गुंडाळून लहान करायच्या) जिबची शीट गुंडाळताना किंचित ताणलेली ठेवा, नाहीतर गुंडाळी ढिली बसते. अर्धं गुंडाळल्यावर शीटची पुली पुढे सरकवा, नाहीतर शिडाचा वरचा भाग उघडा पडून फडफडतो. गुंडाळीची दोरी अडली तर विंच लावण्याआधी वर बघा: जिबचं हॅलयार्ड वरच्या टोकाला गुंडाळलं गेलेलं असतं, आणि जोर लावला तर तेच तुटतं. जोराच्या वाऱ्यात गुंडाळी घट्ट बसते आणि ड्रमवरची (गुंडाळीच्या चक्रीवरची) दोरी जास्त लागते, म्हणून पूर्ण गुंडाळल्यावरही ड्रमभोवती चारपाच वेढे शिल्लक राहतील एवढी दोरी ठेवा.