मुंबईच्या उन्हाळ्यात पक्षी कसे पाहावेत

हिवाळी पाहुणे परतू लागले की पक्षिनिरीक्षणाचा हंगाम संपला, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक एप्रिल आणि मे हा कावळा, तांबट, दयाळ, शिंजीर अशा आपल्या शेजारच्याच कितीतरी पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्यामुळे त्यांचे गाणे, भांडण आणि पिल्लांचे संगोपन आत्ताच पाहायला मिळते. त्यासाठी रानोमाळ हिंडण्यापेक्षा एक झाड किंवा एक पाणवठा निवडून तिथे स्वस्थ बसणे अधिक फलदायी ठरते.

बसण्याची वेळ सूर्योदयापासून साडेआठपर्यंत किंवा सायंकाळी पाचनंतरची ठेवावी, कारण मधल्या वेळात पक्षीही सावलीत गप्प असतात. फिके कपडे, टोपी, पाणी आणि शक्य असल्यास 8×42 ची (आठ पट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण एवढे साहित्य पुरे. महागडा कॅमेरा सुरुवातीला अडचणच करतो, असे माझे मत आहे.

झाड निवडताना फळे धरलेला वड, पिंपळ किंवा उंबर पाहावा. सोसायटीच्या कुंपणालगतचा पिंपळही चालतो. तिथे ‘टुक टुक’ असा एकसुरी आवाज आला तर पानांऐवजी शेंड्याच्या उघड्या, वाळक्या फांद्या तपासाव्यात, कारण तांबट बहुधा तिथेच बसलेला असतो. दुर्बिणीतून पाहिल्यास चोच मिटलेलीच असून प्रत्येक ‘टुक’बरोबर गळा फुगतो, हे स्पष्ट दिसते, ओरडताना तो मान डावी-उजवीकडे वळवत असल्याने आवाज नेमका कुठून येतो, याचा मात्र चकवा बसतो. कोकिळेच्या बाबतीत लक्षात ठेवावे की ‘कुहू’ करणारा काळा, लाल डोळ्यांचा पक्षी नर असतो आणि अंगभर ठिपके असलेली तपकिरी मादी तीक्ष्ण ‘किक-किक’ करते. ती कावळ्याच्या घरट्याजवळ घुटमळताना दिसली तर अर्धा तास तिथून हलू नये.

गॅलरीत पक्षी यावेत म्हणून पसरट मातीचे भांडे सावलीत ठेवावे. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नसावे आणि पाय टेकायला त्यात एक खडबडीत दगड असावा. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून पाणी रोज बदलून भांडे घासणे आवश्यक आहे. धान्य टाकणे मात्र टाळावे, कारण त्याने कबुतरेच जमतात आणि बाकीचे पक्षी फिरकत नाहीत.

कुंडीतल्या झाडाला किंवा लोंबणाऱ्या वायरला कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली, वाळक्या पानांच्या आणि सालींच्या तुकड्यांची थैली दिसली तर ती कचरा समजून काढू नये. ते शिंजिराचे, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या सनबर्डचे, घरटे असू शकते. त्याचे दार बाजूला असून त्यावर छोटेसे छप्पर असते. बांधकाम मादी करते, पण पिल्लांना किडे आणि कोळी भरवताना नरही दिसतो. हे सारे खिडकीच्या आडून पाहावे. घरट्यात डोकावणे, फ्लॅश वापरणे किंवा मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे विणीच्या काळात कटाक्षाने टाळावे.

सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात या दिवसांत बरीच झाडे निष्पर्ण असल्याने पक्षी सहज दिसतात, आणि ओढे आटल्यामुळे उरलेल्या डबक्यांवर त्यांची वर्दळ असते. सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवून बेत आखावा. लांब जाणे शक्य नसल्यास माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठावे. एके काळच्या कचराभूमीवर उभे राहिलेले हे रान शीव स्थानकापासून जवळच आहे. ठाणे खाडीतले रोहित पक्षी पाहायचे असतील तर मे महिना सरण्याआधी आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघूनच निघावे, कारण पूर्ण ओहोटीला ते चिखलात फार दूर जातात.

मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, नवरंग (इंडियन पिट्टा) हा रंगीबेरंगी पक्षी विणीसाठी इकडे येतो. प्रवासात थकलेला किंवा काचेवर आपटलेला नवरंग इमारतीच्या आवारात सापडल्यास त्याच्या चोचीत पाणी घालू नये. हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या आणि शांत जागी त्याला ठेवावे आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.