उडत्या पक्ष्याचा फोटो शार्प कसा काढावा

बसलेल्या पक्ष्याचा फोटो झकास येतो, आणि तोच पक्षी उडाला की कार्डावर नुसते पुसट ठिपके उरतात. असं होत असेल तर लगेच लेन्सला दोष देऊ नका. बहुतेक वेळा चूक एवढीच असते की पक्षी डोक्यावर आल्यावर आपण कॅमेरा उचलतो, दिसला रे दिसला की बटण दाबतो, आणि बिचाऱ्या फोकसला पक्षी शोधायला वेळच मिळत नाही. पक्षी लांब आणि लहान दिसतो तेव्हाच फोकस धरायला सुरुवात करायची आणि तो जवळ येईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. पुढची सगळी सेटिंग्ज याच एका कामासाठी आहेत.

आधी घरी करून ठेवायचं

फोकस मोड सतत फोकस करणारा ठेवा. निकॉन आणि सोनीवर त्याला 'एएफ-सी' म्हणतात, कॅननवर 'सर्व्हो', कॅननच्याच जुन्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांवर) 'एआय सर्व्हो'. एकदाच फोकस करून थांबणारा मोड इथे का चालत नाही, ते आकड्यांतच बघा. पक्षी ताशी ३६ किलोमीटरने उडत असेल तर सेकंदाला १० मीटर कापतो. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५०० मिमी लेन्स एफ ५.६ या अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या मापाला) लावून २० मीटरवरच्या पक्ष्यावर फोकस केला, तर शार्प दिसणारा पट्टा जेमतेम अर्ध्या मीटरचा असतो. थेट तुमच्याकडे येणारा पक्षी तो पट्टा सेकंदाच्या विसाव्या भागात ओलांडून जातो.

आता शटर स्पीड, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते. बगळा, घार असे संथ पंख हलवणारे मोठे पक्षी १/१२५० ते १/१६०० ला मिळतात. कबूतर, बदक यांना १/२५००, आणि भिंगरीसारख्या चपळ पक्ष्याला १/३२०० किंवा त्याहून जास्त लागतो. ताशी ३६ किलोमीटरने उडणारा तोच पक्षी १/५०० सेकंदात २ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवला तर शरीराची हालचाल बरीचशी भरून निघते, पंखांच्या टोकांची नाही. म्हणून 'माझा हात स्थिर आहे' हे इथे कामाला येत नाही.

मी मोड मॅन्युअलवर ठेवतो, शटर आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवतो आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) ऑटोवर सोडतो. आयएसओ वाढला की फोटोत दाणे येतात, ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतात. हललेला डोळा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर धडपणे परत आणत नाही. उजेड भरपूर असेल तर अ‍ॅपर्चर एफ ८ करा, शार्प पट्टा थोडा रुंदावतो. उजेड कमी असेल तर त्या मोहात पडू नका, शटर स्पीड आधी राखा.

फोकस एरिया, म्हणजे फ्रेमच्या कुठल्या भागात कॅमेऱ्याने फोकस शोधायचा ते, पार्श्वभूमी बघून निवडायचा. मोकळ्या आकाशात मोठा झोन किंवा पूर्ण फ्रेम खुशाल चालू ठेवा, कारण पक्ष्याशिवाय फोकस धरायला तिथे दुसरं काही नसतंच. मागे झाडी किंवा चकाकणारं पाणी असेल तर छोटा झोन किंवा चार-पाच बिंदूंचा गट घ्या. एकाच बिंदूवर उडता पक्षी धरून ठेवणं ही कसरत आहे, सुरुवातीला तिच्या वाट्याला जाऊ नका. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय असेल तर जरूर चालू करा. पण पक्षी फ्रेममध्ये अगदी चिमुकला असेल किंवा फांद्यांमागून जात असेल तर तीही चकते, तेव्हा झोन तुम्हीच त्याच्यावर नेऊन ठेवायचा.

बऱ्याच टेलिफोटो (लांबच्या फोटोंच्या) लेन्सच्या अंगावर फोकसची हद्द ठरवणारी एक कळ असते. ती दूरच्या टप्प्यावर सरकवा, म्हणजे फोकस चुकला तरी लेन्स अगदी जवळच्या अंतरापासून शोधत बसत नाही. स्टॅबिलायझरमध्ये (हाताची थरथर भरून काढणाऱ्या सोयीत) पॅनिंगचा, म्हणजे कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवतानाचा मोड असेल तर तो लावा. १/२५०० ला तो बंद असला तरी फारसं बिघडत नाही.

फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या 'एएफ-ऑन' बटणावर देण्याची पद्धतही आहे. अंगठा फोकस सांभाळतो, तर्जनी फक्त फोटो काढते. मला ती आवडते. पण सवय लागेपर्यंत अंगठा दाबायचा राहून जातो आणि ऐन वेळी हात कपाळावर मारायची पाळी येते. हाताला जमत नसेल तर हट्ट धरू नका.

उभं कुठे राहायचं

पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतात. त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा शोधा. मग पक्षी तुमच्या दिशेने येतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड असतो. उजेड पडलेल्या, ठळक रेषा असलेल्या डोक्यावर फोकस चटकन बसतो, सावलीतल्या काळ्या आकृतीवर तो चाचपडतो. वारा उलटा असेल तर दिवसभर शेपट्यांचेच फोटो मिळतील.

भर उन्हात तापलेल्या जमिनीवरून किंवा रस्त्यावरून लांबचा फोटो घेऊ नका. गरम हवा थरथरते, आणि त्या थरथरीतून कितीही चांगली लेन्स शार्प फोटो देत नाही.

पक्षी फ्रेममध्ये आणणं

नवशिक्यांचा निम्मा जीव इथेच जातो. पक्ष्यावरची नजर न हलवता कॅमेरा डोळ्याशी आणा, डोळा कॅमेऱ्याकडे नेऊ नका. झूम लेन्स असेल तर २०० मिमीच्या आसपास सुरू करा, पक्षी सापडला की झूम वाढवा. त्याआधी पक्षी येईल साधारण त्याच अंतरावरच्या झाडाच्या शेंड्यावर एकदा फोकस करून ठेवा. लेन्सचा फोकस भलतीकडे गेलेला असला की पक्षी समोर असूनही व्ह्यूफाइंडरमध्ये इतका पसरट होतो की दिसतच नाही, आणि आपण रिकामं आकाश ढवळत बसतो.

उभं राहताना पाय फोटो काढायच्या दिशेला ठेवा आणि कमरेतून मागे वळून पक्षी धरा. तो पुढे येईल तसं अंग आपोआप उलगडत जातं. उलट केलं तर नेमक्या क्षणी पीळ बसतो आणि कॅमेरा अडखळतो. कोपरं छातीला टेकलेली, डावा हात लेन्सखाली थोडा पुढे.

पक्षी लांब असताना फोकसचं बटण सलग दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. असं केल्याने प्रत्येक वेळी फोकस नव्याने बसतो आणि चुकून पार्श्वभूमीवर गेला असेल तर लक्षात येतं. पक्षी टप्प्यात आला की धरून ठेवा, मग पाच-सहा फ्रेमचा छोटा बर्स्ट मारा, म्हणजे सलग फोटो काढा. शटर थांबल्यावरही कॅमेरा क्षणभर पक्ष्याबरोबर फिरू द्या. बटण दाबताच हात थांबला तर शेवटच्या फ्रेम हमखास हलतात.

फोकस मागच्या झाडांवर उडी मारत असेल तर मेन्यूमध्ये ट्रॅकिंगची संवेदनशीलता 'लॉक' बाजूला न्या, म्हणजे मध्ये काही आलं तरी कॅमेरा लगेच पक्ष्याला सोडत नाही. पण फोकस मुळातच झाडावर बसलेला असेल तर हेच सेटिंग तुम्हाला तिथे अडकवून ठेवतं. तेव्हा बटण सोडून नव्याने धरा.

घरी आल्यावर चूक ओळखा

फोटो १०० टक्के मोठा करून बघा. मागची पानं शार्प आणि पक्षी पुसट, तर फोकस मागे गेला, झोन लहान करा. डोळा शार्प आणि फक्त पंखांची टोकं फरफटलेली, तर शटर स्पीड कमी पडला. सगळा पक्षी एकाच दिशेने ओढल्यासारखा, तर कॅमेरा त्याच्या वेगाने फिरला नाही. सगळंच मऊ आणि कडा लहरत्या, तर तो उन्हाचा प्रताप. चोच पुसट पण शेपटी शार्प, तर येणाऱ्या पक्ष्याच्या वेगाला फोकस पुरा पडला नाही. आणि बर्स्टच्या पहिल्या दोन फ्रेम वाईट, पुढच्या चांगल्या असतील तर बोट घाईचं आहे. डीएसएलआर वापरताना बसलेल्या पक्ष्यांवरही फोकस सातत्याने किंचित पुढे किंवा मागे जात असेल, तर आधी कॅमेऱ्यातलं फोकसचं सूक्ष्म समायोजन तपासा.

सराव आडव्या उडणाऱ्या बगळ्यांवर आणि कबुतरांवर करा, मग समोरून येणाऱ्यांवर. भिंगरीकडे अगदी शेवटी वळा. ती पाण्यावर पुन्हा पुन्हा त्याच वाटेने घिरट्या घालते, म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्या कॅमेरा खाली ठेवून नुसत्या बघा आणि पुढच्या फेरीला ती वळायच्या आधी लेन्स त्या वळणावर नेऊन ठेवा.