पेडलमधली शिट्टी: चार्ज पंपाची चिप घेण्याआधीची तयारी

गिटारच्या पेडलात चार्ज पंप, म्हणजे कपॅसिटर सतत भरून-रिकामा करून सप्लायचे व्होल्ट उलटे किंवा दुप्पट करणारी चिप असेल, तर तिच्या चालण्याची शिट्टी आवाजात शिरू शकते. म्हणून ऑर्डर टाकण्याआधी हा पंप खरंच लागणार आहे का, ते ठरवा. ९ व्होल्टच्या सप्लायवरून उणे ९ काढायचे असतात तेव्हा तो लागतो. उदाहरणार्थ, जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरवर चालणारा फझ (आवाज फाडणारं पेडल) बाकीच्या पेडलांसोबत एकाच अडॅप्टरवर चालवायचा असेल तर. किंवा ओव्हरड्राइव्ह पेडलला हेडरूम (सिग्नल फाटण्याआधीची मोकळीक) वाढवून हवी म्हणून ९ चे १८ करायचे असतात. क्लॉन सेंटॉर या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये दोन्ही कामं एकाच पंपाकडून करून घेतली आहेत. पण तुमच्या पॉवर सप्लायला आयसोलेटेड (एकमेकांशी न जोडलेले) आउटपुट असतील, तर फझसाठी एका आउटपुटची पोलॅरिटी उलटी करता येते आणि दोन आउटपुट सिरीजमध्ये जोडून १८ व्होल्टही मिळतात. पंपच नसला की त्याच्या शिट्टीचा प्रश्नही उरत नाही.

पंप लागणारच असेल, तर मल्टिमीटर काढा आणि अडॅप्टरचे व्होल्ट लोड न लावता मोजा. अंगावर ९ लिहिलंय म्हणून ९च मिळतील असं नाही. जुन्या धाटणीचा, रेग्युलेशन नसलेला अडॅप्टर रिकामा असताना १२च्याही वर जातो. चार्ज पंपाच्या चिपांपैकी मॅक्स१०४४ आणि साधी आयसीएल७६६० यांची वापराची मर्यादा १० व्होल्ट, म्हणजे ९ व्होल्टच्या पेडलात जेमतेम एका व्होल्टचं अंतर. आयसीएल७६६०एस आणि टीसी१०४४एस १२ पर्यंत चालतात, एलटी१०५४ १५ पर्यंत. सर्किटच्या नकाशात मॅक्स१०४४ दिसली म्हणून तीच मागवायची, हा हट्ट सोडा. नकाशा काढणाऱ्याने त्याच्या हाताशी होती ती चिप लावलेली असते. ऑर्डर देताना शेवटचं ‘एस’ अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा, सगळा फरक त्या अक्षरात आहे.

आता मुख्य मुद्दा, फ्रीक्वेन्सी. साध्या ७६६०चा ऑसिलेटर साधारण १० किलोहर्ट्झवर चालतो, पण आत त्याचे दोन भाग होतात आणि कपॅसिटर प्रत्यक्षात ५ किलोहर्ट्झने भरतो-रिकामा होतो. दोन्ही आकडे कानाच्या टप्प्यात. त्यातला ५ तर गिटारच्या स्पीकरमधूनही स्वच्छ ऐकू येतो, आणि पुढे शंभर-दोनशे पट गेन असलेला डिस्टॉर्शन असला की सप्लायमधला मिलिव्होल्टभर रिपलसुद्धा (व्होल्टेजचा बारीक चढउतार) शिट्टी होऊन बाहेर पडतो. यावरचा उपाय चिपमध्येच आहे. एस प्रकारच्या चिपची १ नंबरची पिन म्हणजे बूस्ट. ती ८ नंबरला, म्हणजे प्लस सप्लायला जोडली की आयसीएल७६६०एस ३५ किलोहर्ट्झवर जाते आणि टीसी१०४४एस ४५वर. इथेही निम्मे करून बघा: पहिलीचा पंप साडेसतरावर, दुसरीचा साडेबावीसवर. म्हणून दोघींतली एक निवडायची तर मी टीसी१०४४एस घेईन. साडेसतराचा आवाज गिटारच्या अँपमधून कुणाला ऐकू येणार नाही हे खरं, पण सरळ ऑडिओ इंटरफेसमध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्याला तो नको असतो.

एलटी१०५४ मुळातच २५ किलोहर्ट्झच्या आसपास चालते. हा आकडा ठरावीक नाही, नगानगाला बराच मागेपुढे होतो, तरी करंटची ताकद (१०० मिलिअँपिअर) आणि व्होल्टेजची मोकळीक पाहता नव्याने बोर्ड बनवणाऱ्याने हीच घ्यावी असं माझं मत. फक्त तिला ७६६०च्या सॉकेटमध्ये डोळे झाकून बसवू नका. तिची १ नंबरची पिन बूस्ट नाही, फीडबॅक आणि शटडाउनची आहे. बोर्डवर १ ते ८ असा जंपर असेल तर तो काढून पिन मोकळी सोडा. ६ नंबरवर ७६६०मध्ये एलव्ही (कमी व्होल्टेजसाठीची पिन) असते, इथे तिथे रेफरन्स येतो, त्यामुळे ती ग्राउंडला गेलेली नाही ना, हेही पाहा. ९ व्होल्टवर ७६६०चीसुद्धा एलव्ही मोकळीच ठेवायची असते. आणि पेडल बॅटरीवर चालवायचं असेल तर लक्षात असू द्या: एलटी१०५४ नुसती बसून अडीच मिलिअँपिअरच्या आसपास खाते.

करंटची फार चिंता नको. दोन-तीन ऑपअँपना दहा मिलिअँपिअर पुष्कळ होतात.

कपॅसिटर घेताना काटकसर करू नका. फ्लाइंग (पंप भरतो-रिकामा करतो तो) आणि रिझर्व्हॉयर (आउटपुटवरचा साठ्याचा), दोन्ही १० मायक्रोफॅरडचे, कमी ईएसआरचे, म्हणजे आतला रोध कमी असलेले. १८ व्होल्टच्या बाजूला २५ किंवा ३५ व्होल्टचाच घ्या. १६चा लावलात तर तो कधीतरी दगा देणार. उणे व्होल्टेजच्या बाजूला कपॅसिटरचं प्लस टोक ग्राउंडला जातं, घाईत नेमकं हेच उलटं लागतं. पंपानंतर ४७ ओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर ठेवा. त्याचा कोपरा (जिथून तो दाबायला लागतो ती फ्रीक्वेन्सी) ३४ हर्ट्झच्या आसपास येतो आणि ५ मिलिअँपिअरला जेमतेम पाव व्होल्ट पडतो. कागदावर तो २५ किलोहर्ट्झचा रिपल शेकडो पटींनी दाबतो, पण १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा ईएसआर १ ओहम असेल तर प्रत्यक्षात अठ्ठेचाळीस पटींवर गाडी अडते. सवयीने शेजारी लावला जाणारा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर इथे काही करत नाही, २५ किलोहर्ट्झला त्याचा विरोध चौसष्ट ओहमच्या घरात असतो. त्याचे पैसे चांगल्या इलेक्ट्रोलिटिकवर घाला.

इतकं करूनही शिट्टी राहिली, तर चिप बदलण्याआधी वायरिंग पाहा. पंपाचा ग्राउंड स्वतंत्र तारेने थेट डीसी जॅकपर्यंत न्या. ऑडिओच्या ग्राउंडमधून तो करंट वाहिला तर कितीही महागडी चिप लावा, झटके सिग्नलमध्ये शिरणारच. फ्लाइंग कपॅसिटर २ आणि ४ नंबरच्या पिनांना अगदी खेटून असावा, आणि इनपुटची तार डब्याच्या दुसऱ्या बाजूने यावी. एक मेगओहमच्या इनपुटजवळून पंपाची तार गेली तर ती अँटेनाचंच काम करते.

चिपसाठी सॉकेट लावा, थेट सोल्डर करू नका. बाजारात नाव खोडून दुसरं छापलेल्या चिपा फिरतात. ओळखायची सोपी खूण: फ्रीक्वेन्सी दाखवणारा मल्टिमीटर २ नंबरच्या पिनवर धरा, मग १ आणि ८ जोडा. बूस्टवाल्या चिपचा आकडा कित्येक पटींनी उडी मारतो. हललाच नाही तर आत बूस्ट नाही.

शेवटची चाचणी डबा बंद करून घ्या, उघड्या बोर्डवरचा निकाल खरा नसतो. गेन आणि टोन पूर्ण, इनपुट शॉर्ट केलेलं. हे शांत वाटलं की त्याच सप्लायवर दुसरं पंपवालं पेडल किंवा अॅनालॉग डिले लावा. डिलेच्या बीबीडी चिपचं (सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून उशीर करणाऱ्या चिपचं) घड्याळही याच पट्ट्यात फिरतं. एक २५ किलोहर्ट्झवर आणि दुसरं २७वर असेल तर एकटं असताना दोघांचाही आवाज येत नाही, एकत्र आले की मधला २ किलोहर्ट्झ ऐकू येतो. डिलेचा टाइम नॉब फिरवा. शिट्टीचा सूर नॉबबरोबर वरखाली सरकला तर चिपमध्ये दोष नाही, त्या डिलेला वेगळं आयसोलेटेड आउटपुट द्या.