दापोलीचा अनंत सोलापुरात

दापोलीचं घर विकलं तेव्हा कागदावर लिहिलं होतं, 'घर व मोकळी जागा'. माझी ३१ वर्षांची बाग त्या मोकळ्या जागेत जमा झाली. आता सोलापुरात घरामागे २० बाय १२ फुटांचा तुकडा आहे. तुमच्यावरही अशी पाळी आली, तर मी काय केलं ते सांगते.

निघायचं ठरलं की पहिल्या पावसातच गुटी बांधा. अनंताची पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडायची, इंचभर साल गोल सोलायची, त्यावर ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. दीडदोन महिन्यांत पांढरी मुळं दिसतात. आम्ही गणपती आटोपून निघालो, तेव्हा दोन गुट्या कापून कुंडीत लावलेल्या होत्या. सोनटक्क्याचे चार गड्डे गोणपाटात घेतले. अबोलीची बोंडं डब्यात. बकुळ राहिला. त्याला काय बांधणार!

नव्या जागेत लगेच खड्डे खणू नका. मी पहिला हिवाळा नुसती खुर्ची टाकून ऊन कुठून कुठे सरकतं ते बघत बसले. हात स्वस्थ बसेनात म्हणून दसऱ्याच्या तोरणातला सुकलेला झेंडू चुरून टाकला होता, तो तेवढा फुलला. बी संकरित असेल तर फुलं आईसारखी येत नाहीत, माझी आली बारकी. चालतं.

पाणी मुरतं का तेही बघा. फूटभर खड्डा पाण्याने भरायचा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर मुळं कुजणार. माझ्याकडे दिसलं. वर बांधकामाची खडी-सिमेंट, खाली काळी चिकण माती. राडारोडा पोत्यांनी बाहेर काढला आणि चांगलं कुजलेलं शेणखत घालून फूटभर उंचीचे गादीवाफे केले. ही माती ओली असताना खणायची नाही, ढेकळं वाळून विटा होतात.

माझी खरी चूक अनंताची. हौसेने एक गुटी सरळ जमिनीत लावली. महिन्याभरात पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मी खत वाढवत गेले. पण भूक खताची नव्हतीच! चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी, यात त्याला लोह घेता येत नाही. ती गुटी गेली. दुसरी कुंडीतच ठेवली आहे: पालापाचोळ्याचं खत, थोडी वाळू, आणि पावसाचं साठवलेलं पाणी. दुपारी सावली.

वाफ्यांत मात्र इथलीच मंडळी बसवली: निशिगंध, शेवंती, मोगरा. मोगऱ्याची जानेवारीअखेर छाटणी करा, पानं काढा, आधी थोडे दिवस पाणी तोडा, मग खत-पाणी द्या. कोकणात मला इतका मोगरा कधी आला नव्हता, हे कबूल करायला जड जातं.

अबोली सगळ्यात शेवटी, जूनमध्ये पेरली. तिच्या सुक्या बोंडांना पाणी लागलं की ती टचकन फुटून बी लांब उडतं, म्हणून बशीवर फडकं टाकून मगच भिजवा. मी विसरले. शेजारच्या काकू चहा प्यायला बसल्या होत्या. त्यांच्या अंबाड्यातून दोन बिया मिळाल्या, बाकीच्या ओट्याखाली शोधतेय.