प्रत्येकाशी सौजन्याने: सहावी ते आठवीच्या मुलांमध्ये एकमेकांचा मान राखण्याची सवय कशी लावावी

सकाळी परिपाठाला सगळी शाळा एका सुरात प्रतिज्ञा म्हणते. त्यात एक वाक्य आहे: '...आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.' तीन तासांनी मधल्या सुट्टीत त्याच रांगेतला एक जण दुसऱ्याची चप्पल पत्र्यावर भिरकावतो आणि दहा जण हसत बघत राहतात. सकाळी ही मुलं काही खोटं बोललेली नसतात. सौजन्याने वागायचं म्हणजे नळाच्या रांगेत नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी करून दाखवलेलं नसतं.

मी बरीच वर्षं सहावी, सातवी आणि आठवीला शिकवते. हे वय अवघड असतं. कुणाचा आवाज फुटतो, कुणाला मिसरूड येतं, कुणाची पाळी सुरू होते. आईबापांच्या शब्दापेक्षा मित्राच्या एका हसण्याचं वजन जास्त वाटू लागतं. त्यात अनेक गावांतली शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असते. मग पाचवीला किंवा आठवीला चार वाड्यांची मुलं मोठ्या गावच्या हायस्कुलात एकत्र येतात आणि पहिल्याच आठवड्यात गट पडतात. म्हणून खालची कामं जूनमध्ये, शाळा उघडल्या उघडल्या हाती घ्यावीत. शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, सगळ्यांसाठीच हे लिहिते आहे.

१. आधी आठ दिवस नुसतं बघा

तास चालू असताना वर्ग शांत दिसतो, कारण आपण समोर असतो. खरी शाळा आपण नसतो तिथे भरते: नळाजवळ, स्वच्छतागृहाच्या दारात, जिन्याच्या वळणावर, सायकल स्टँडवर, घरी नेणाऱ्या रिक्षात. आठ दिवस मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत चहा न घेता एका जागी उभे राहा. वहीत फक्त एवढंच टिपा: कोण एकटं आहे, कुणाच्या भोवती गर्दी आहे, कोण वर्गातून बाहेरच येत नाही.

मग मुलांकडून नकाशा करून घ्या. शाळेचा साधा आराखडा फळ्यावर काढा, प्रत्येकाला कोरा कागद द्या. तो आराखडा उतरवायचा आणि जिथे जायला नको वाटतं तिथे लाल ठिपका द्यायचा. कागदावर नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. कागद घडी करून डब्यात टाकायचे.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मैदानावर ठिपके पडतील असं वाटलं होतं, कारण भांडणं तिथेच दिसायची. मैदानावर जेमतेम दोन ठिपके होते. बाकी सगळे पाण्याच्या नळापाशी आणि त्यामागच्या बोळात. आठवीची चार मुलं तिथे उभी राहून धाकट्यांना पाणी पिऊ देत नव्हती, अंगावर पाणी उडवत होती. एका कागदावर ठिपक्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मी घरी जाऊन पाणी पितो.' सहावीतलं अक्षर होतं. उन्हाळ्यात दिवसभर हे मूल तहानलेलं बसत होतं आणि मी त्याला अपूर्णांक शिकवत होते.

उपाय साधा निघाला. नळासमोर एक खुर्ची ठेवली आणि आम्ही शिक्षकांनी सुट्टीत तिथे बसायच्या पाळ्या लावून घेतल्या. त्या चौघांनाच पुढे पाण्याच्या टाकीची जबाबदारी दिली. पण आधी खुर्ची, मग जबाबदारी, हा क्रम पाळला. नुसती जबाबदारी दिली असती तर दादागिरीला आम्हीच शिक्का दिल्यासारखं झालं असतं.

२. नावं

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: 'तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते? कोणत्या नावाने अजिबात आवडत नाही?' दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचताना पोटात कालवतं. जाड्या, काळी, बुटक्या, चष्मिस, तोतऱ्या. कुणाच्या वडिलांच्या धंद्यावरून पडलेलं नाव, कुणाच्या जातीवरून. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलाला त्याच्या राज्याच्या नावाने मारलेली हाक. मुलं ते नाव ऐकून हसतातही, म्हणून मोठ्यांना वाटतं की त्याला चालतंय. चालत नसतं. हसलं नाही तर आणखी चिडवतील, म्हणून ते मूल हसतं.

ही यादी वर्गात वाचू नका. वाचलीत तर ज्याला ते नाव ठाऊक नव्हतं त्यालाही कळतं. हवं असलेलं नाव मात्र हजेरीपटावर पेन्सिलने लिहून घ्या आणि त्याच नावाने हाक मारा. हजेरी आडनावाने घेत असाल तर ती पद्धत सोडा. आपल्याकडे आडनाव ऐकलं की शेजारचं मूल घरी जाऊन त्याची जात विचारतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

आणि शिक्षकांनी स्वतःची जीभ तपासावी. मी एका अंगाने भरलेल्या मुलाला प्रेमाने 'पैलवान' म्हणायची. त्याच्या चिठ्ठीत नको असलेलं नाव म्हणून तोच शब्द होता. मी त्याला बाजूला घेऊन माफी मागितली. त्यानंतर मी वर्गाला नावांबद्दल जे बोलले ते मुलांनी ऐकून घेतलं.

३. नियम मुलांनी करावेत, पण नेमके

'सर्वांशी आदराने वागा' हा नियम भिंतीवर शोभतो, सुट्टीत उपयोगी पडत नाही. मुलांना विचारा: काय झालं की वाईट वाटतं? मग तेच वाक्य नियमाच्या रूपात लिहा. आमच्या सातवीने केलेले तीन सांगते: उत्तर चुकलं तर कुणी हसायचं नाही. न विचारता कुणाचा डबा किंवा दप्तर उघडायचं नाही. खेळायला विचारलं तर 'जागा नाही' म्हणायचं नाही, पुढच्या डावात घ्यायचं. पाचाच्या वर नियम नकोत. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, बाईंचीही.

४. कोण कुणाशेजारी बसतं

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मोठेपणी बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे की शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर कोपऱ्यात बसावं लागे, ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. मी नळाचा नकाशा बघत होते तेव्हा मला हेच आठवत होतं. विद्यार्थी दिवसाला मुलांना हे जरूर सांगा, आणि मग विचारा: आपल्या वर्गात आज कोपऱ्यात कोण बसतं?

त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र काम करत, एका पंगतीत जेवत. एकत्र बसून जेवण्याने जे होतं ते शंभर भाषणांनी होत नाही, असं मी अनुभवाने सांगते.

वर्गात करायचं ते असं: दर पंधरा दिवसांनी जागा बदला, चिठ्ठ्या टाकून. मुलं आठवडाभर कुरकुर करतील, करू द्या. शालेय पोषण आहाराची पंगत असेल तर इयत्ता मिसळून बसवा आणि वाढण्याची पाळी सगळ्यांना द्या, फक्त मुलींना नको. शिक्षकांनी त्याच पंगतीत बसावं. शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेली मुलं वर्गात असतील तर ती कोणती, हे इतर मुलांना कळण्याची गरजच नाही. सहलीच्या पैशांचा हिशेब वर्गात मोठ्याने विचारला की ते एका मिनिटात कळतं.

५. बघ्यांना काम द्या

सगळ्यात मोठा बदल इथे होतो, आणि आपण सगळ्यात कमी लक्ष इथेच देतो. चिडवणारा एक असतो, चिडवला जाणारा एक असतो, उरलेला वर्ग बघत असतो. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी नव्वदच्या दशकात नेमका याच मुलांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की काही जण त्रास देणाऱ्याला मदत करतात, काही हसून चढवतात, काही मान खाली घालून निघून जातात, आणि थोडी मुलं त्रास होणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात. त्या कामातून 'किवा' हा उपक्रम उभा राहिला आणि फिनलंडभरच्या शाळांत गेला. सूत्र असं की हसणारे कमी झाले की चिडवण्यातली मजाच जाते.

'तू मध्ये का नाही पडलास?' असं बारा वर्षांच्या मुलाला विचारू नका. मध्ये पडायला तो घाबरतो आणि ते बरोबर आहे. त्याला झेपतील अशा तीन गोष्टी शिकवा आणि वर्गात प्रत्यक्ष करवून घ्या. एक, हसायचं नाही, तिथून दोन पावलं मागे सरायचं. दोन, ज्याला त्रास होतोय त्याला घेऊन जायचं: 'चल, बाईंनी बोलावलंय.' माझ्या नावाने ही थाप मारायची मी वर्गाला खुली परवानगी दिली आहे. तीन, नंतर एकट्याने येऊन मोठ्यांना सांगायचं.

तिसऱ्या गोष्टीला मुलं अडखळतात, कारण चुगलखोर म्हणून नाव पडायची भीती असते. त्यांना असं समजावा: कुणाला ओरडा बसावा म्हणून सांगितलं तर ती चुगली. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर ती मदत. आणि सांगायला आलेल्या मुलाचं नाव तुमच्या तोंडून कधीही बाहेर जाऊ देऊ नका. एकदा गेलं की वर्षभर कुणी येत नाही.

६. प्रकार घडल्यावर

'दोघं इकडे या, हात मिळवा, सॉरी म्हणा.' हे आपण सवयीने करतो, आणि त्यातून त्रास भोगलेल्या मुलाला पुन्हा त्याच मुलासमोर उभं करतो. तसं करू नका. आधी त्याच्याशी एकट्याने बोला, बसून, त्याच्या उंचीवर. 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न पहिला नको. 'काय झालं, आणि आता काय झालं तर तुला बरं वाटेल?' असं विचारा. मग दुसऱ्याशी वेगळं बोला. त्याच्याकडून भरपाई करवून घ्या: फाटलेली वही लिहून देणं, पत्र्यावरची चप्पल काढून देणं. तारीख आणि दोन ओळी वहीत टिपा. आठ दिवसांनी दोघांनाही वेगवेगळं पुन्हा विचारा. त्रास बहुधा थांबत नाही, जागा बदलतो, म्हणून ही दुसरी भेट महत्त्वाची.

मारणं, वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर अपमान करणं हे मार्ग बंदच समजा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. शिवाय ज्याने धाकट्याला मारलं त्याला आपण मारलं, तर तो एवढंच शिकतो की मोठ्याने मारलेलं चालतं.

लैंगिक त्रासाची शंका आली तर शाळेत चौकशी, समजुती, बैठका काही करू नका. पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक पाठ हवा. मन फार खचलेलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

७. तक्रार पेटी आणि मोबाइल

पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर असेल तर ती रिकामीच राहील. चिठ्ठी टाकताना कुणी बघणार नाही अशा जागी लावा. ठरलेल्या वारी, दोघांच्या समोर उघडा, त्यातली एक शिक्षिका असावी. काय केलं ते नाव न घेता परिपाठात सांगा.

वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप घरच्यांच्या फोनवर चालतो, त्यामुळे तिथली चिडवाचिडवी पालकांशिवाय थांबणार नाही. जूनच्या पालकसभेत दोनच गोष्टी ठरवून घ्या: कुणाचा फोटो न विचारता टाकायचा नाही, आणि कुणाचं चिडवणं दिसलं तर पुढे न पाठवता वर्गशिक्षकांना दाखवायचं.

८. दिवाळीनंतर पुन्हा नकाशा

दिवाळीची सुट्टी संपली की तोच कोरा आराखडा, तेच लाल पेन. जूनचे कागद शेजारी मांडून बघा. आमचा नळ त्या वर्षी मोकळा झाला होता. नवे ठिपके मात्र दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर दिसले, जिथे संध्याकाळी शाळा सुटताना कुणीच मोठं माणूस नसतं. सोमवारपासून आम्ही ती खुर्ची उचलून जिन्यापाशी नेली.