संकटमोचनच्या रात्री : ललत ऐकायचा असेल तर कधी झोपायचं

सांगलीत गेली तीस वर्षं मी गाण्याचे वर्ग घेते. मुली परीक्षेच्या पेपरात लिहितात, "राग ललत. गानसमय रात्रीचा शेवटचा प्रहर." त्याला पूर्ण मार्कही मिळतात. पण त्या प्रहराला बसून ललत ऐकलेली एकही मुलगी माझ्या वर्गात नाही. ऐकणार तरी कुठे? पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा, लोक भैरवी ऐकून उजाडता घरी जायचे. आता रात्री दहाला स्पीकर बंद, सवलत मिळाली तर बाराला. मध्यरात्रीनंतरचे राग आपल्याकडे वहीत राहिले. मी स्वतः वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत ललत एकतर रेकॉर्डवर ऐकला होता, नाहीतर सकाळी साडेनऊच्या कार्यक्रमात.

तो मला त्याच्या वेळेला भेटला बनारसला, संकटमोचन मंदिराच्या अंगणात. त्यानंतर चार वेळा जाऊन आले. "बाई, आम्हालाही जायचंय, काय करायचं?" असं वर्गातल्या मुली आणि त्यांच्या आया विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी तारीख. संकटमोचन संगीत समारोह हनुमान जयंतीला जोडून होतो. अलीकडच्या वर्षांत तो चैत्री पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी सुरू झालेला आहे. २०२३ ला जयंती ६ एप्रिलला होती आणि समारोह १० पासून. २०२४ ला २३ आणि २७, २०२५ ला १२ आणि १६. तेव्हा नवं कॅलेंडर घरात आलं की चैत्री पौर्णिमा बघायची, त्यात चार दिवस मिळवायचे आणि गाडीचं रिझर्व्हेशन उघडताच तिकीट काढायचं. पाठोपाठ सहा रात्री गाणं असतं. एक गंमत ध्यानात ठेवा, उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपल्याकडे चैत्र वद्य चालू असतो तेव्हा त्यांचा वैशाख लागलेला असतो. तरी चैती, म्हणजे चैत्रात गायचं तिकडचं गाणं, कानावर पडतेच. प्रत्येक ओळीच्या शेवटी "हो रामा" म्हणून स्वर हलकेच खाली सोडतात, ते त्या मातीतल्या गळ्यातून ऐकावं. आपण कितीही घोटली तरी ती सैल चाल येत नाही.

गाडी म्हणाल तर मुंबईहून महानगरी एक्सप्रेस सोयीची. पण ती रात्री बारानंतर दहा मिनिटांनी सुटते. म्हणजे दहा तारखेचं तिकीट असेल तर नऊ तारखेच्या रात्रीच स्टेशनवर हजर व्हायचं. आमच्या ओळखीचं एक अख्खं कुटुंब यात चुकलं आणि दुसऱ्या रात्री रिकाम्या फलाटावर उभं राहिलं. तिकडे उतरायचं ते वाराणसी जंक्शनला, रिक्षावाले त्याला 'कँट' म्हणतात. राहायला अस्सी, भदैनी किंवा लंका या भागात खोली घ्या. गोदौलियाजवळ किंवा विश्वनाथाच्या गल्लीत घेऊ नका, कारण पहाटे पाचला तिथपर्यंत परतणं जिवावर येतं. अस्सीहून मंदिर पायी वीसेक मिनिटांवर आहे. भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे, पुतळा आहे. तिथे एक संध्याकाळ जाऊन या, आपलं माणूस आहे ते.

तिकीट नाही, पास नाही. १९२३ पासून हा समारोह भरतो आणि आत यायला कुणालाही मज्जाव नाही. कलाकारही मानधनासाठी येत नाहीत, मारुतीरायापुढे 'हाजिरी' लावायला येतात, हाच तिथला शब्द. पंडित जसराज वर्षानुवर्षं ही हाजिरी लावत आले. २०२० ला टाळेबंदीमुळे समारोह ऑनलाइन झाला, तेव्हा ते अमेरिकेत न्यू जर्सीत अडकले होते, तर तिथूनच गायले. त्याच ऑगस्टमध्ये ते गेले. पाकिस्तानचे गझलगायक गुलाम अली २०१५ ला इथे गायले. एके काळी या मंचावर स्त्री कलाकार नसत, ती प्रथा पुढे मोडली. मी अंगणात बसते तेव्हा हे मला दरवेळी आठवतं आणि फार बरं वाटतं. आत्ताचे महंत विश्वंभरनाथ मिश्र तिथल्या आयआयटीत इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक आहेत आणि पखवाज वाजवतात. त्यांच्या आधीचे महंत, त्यांचे वडील वीरभद्र मिश्र, जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, गंगा स्वच्छ व्हावी म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. अशा घरात गाणं सांभाळलं गेलंय.

आता मुख्य गोष्ट, झोप. पहिल्या वर्षी मी जे केलं ते तुम्ही करू नका. संध्याकाळी साडेसहालाच जाऊन पुढची जागा धरली. वहिनी बरोबर होती. सुरुवातीचं नृत्य पाहिलं, मग सतार, मग एक तरुण गायक, सगळं डोळे ताणून ऐकलं. एकच्या सुमाराला पाठ मोडली आणि खांबाला टेकून कधी डोळा लागला ते कळलंच नाही. वहिनीनं खांदा हलवला. "वन्सं, उठा. ललत लागलाय." शेजारी बसलेल्या बनारसी आजी तिला म्हणत होत्या, "सोने दीजिए बहिनजी, थक गई हैं." मी उठले तेव्हा संथ लयीतलं विलंबित संपून जलद लयीतली द्रुत चालू झाली होती. ज्याच्यासाठी अठ्ठावीस तास प्रवास केला तो आलाप निघून गेला होता. त्या रात्रीची हळहळ अजून आहे.

तेव्हापासून दिवस उलटा करते. सकाळी परतल्यावर नऊ ते बारा झोप. दुपारी जेवण बेताचं. मग पुन्हा दोन ते सात झोप, खिडकीला ओली चादर लावून, कारण एप्रिलमध्ये दुपारी लू वाहते आणि पारा चाळिशीला भिडतो. त्या वेळात घाट बघायला, साड्या घ्यायला बाहेर पडलात तर रात्र हातची गेली म्हणून समजा. खरेदीला आल्यासारखं करायचं असेल तर दुसऱ्या महिन्यात या. साडेआठला खिचडी किंवा दहीभात. तळलेलं नको. अकराला मंदिरात पोचायचं. तोवर लहान मुलांना घेऊन आलेली घरं निघू लागतात आणि मधल्या जागा मोकळ्या होतात. नावाजलेले कलाकार मध्यरात्रीनंतर बसणं इथे नेहमीचं आहे, तुमचं काही चुकत नाही. सहाच्या सहा रात्री जागायचा हट्टही नको. एक आड एक अशा तीन रात्री केल्या तर कान ताजे राहतात. रोज बसलात की चौथ्या रात्री सगळे तानपुरे सारखेच वाटायला लागतात.

दारावर तपासणी कडक असते. ७ मार्च २००६ ला या मंदिरात बॉम्बस्फोट झाला होता, हे लक्षात ठेवून शांतपणे रांगेत उभं राहावं. एरवी मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा शक्यतो तो खोलीवरच ठेवा. नुसता हाताला घड्याळ बांधा, प्रहर कळायला हवा. बरोबर एक सुती चादर, पाण्याची बाटली, पाठ धरत असेल तर लहान उशी. दिवसा कितीही तापलं तरी तीननंतर अंगण गार पडतं, पातळ शाल लागतेच. आणि माकडं! देवळाच्या आवारातल्या झाडांवर ती ढिगानं आहेत. बेसनाचे लाडू आणि लाल पेढे हा इथला प्रसाद. पुडा हातात धरून चाललात तर तुमचा राहणार नाही, पिशवीत आत खोल ठेवा.

बसायचं कुठे? मोठे स्क्रीन लावलेले असतात, लांबूनही दिसतं. पण मी मंचाच्या बाजूला, तानपुरे ऐकू येतील अशा अंतरावर बसते. त्याचं कारण सांगते, आणि एवढी एक गोष्ट शिकून गेलात तरी पुष्कळ झालं. अडीच-तीनच्या सुमाराला नवा कलाकार येऊन बसला की तानपुऱ्याच्या पहिल्या तारेकडे कान द्या. एरवी ती पंचमात, म्हणजे 'प'वर असते. साथीची मुलगी खुंटी पिळून ती उतरवू लागली आणि तार मध्यमावर, म्हणजे 'म'वर थांबली, तर पंचम नसलेला राग येणार. मालकंस तरी, नाहीतर ललत. निषादावर, म्हणजे 'नी'वर लावली तर सोहनी असेल. घोषणा व्हायच्या आधी तुम्हाला कळलेलं असतं आणि पाठ आपोआप ताठ होते.

तिसऱ्या वर्षी मला तो आलाप मिळाला. चारला दहा मिनिटं कमी होती. तारा दमट हवेनं उतरत होत्या, गायकानं दोनदा हात वर करून थांबवलं आणि परत जुळवायला सांगितलं. समोर हजार माणसं, पण कुणी खोकलं नाही. मग नुसता षड्ज. बराच वेळ षड्ज. मग खालचा निषाद, कोमल रिषभ, गंधार, आणि गंधारावरून शुद्ध मध्यम असा ठेवला की जणू तिथे घर आहे. पुढे तीव्र मध्यम त्याला लागूनच आला, दोघांत केसाएवढी फट. वर्गात मी हे दोन मध्यम पेटीवर दाखवते तेव्हा ते पांढरी पट्टी आणि काळी पट्टी असतात. इथे एकातून दुसरा उजाडत होता. आकाशही तेव्हा तसंच होतं, काळं म्हणावं तर काळं नाही. झाडावर पहिलं माकड हललं. गाभाऱ्याकडून घंटा वाजली, तीही त्याला कुठे आड आली नाही. परीक्षेतल्या त्या एका ओळीत काय भरलंय ते मला त्या दिवशी समजलं.

दाद देण्याची इथली रीत वेगळी आहे. आपण टाळ्या वाजवतो, इथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडली की अंगणातून "हर हर महादेव" उठतं. तबल्याला तर बनारसचे लोक शब्दाशब्दाला दाद देतात, त्यांच्या घराण्याचा बाज आहे तो. तुम्हीही मोकळेपणानं म्हणा. फक्त आलापात बोलू नका, आणि मधेच उठायचं झालं तर बंदिश संपेपर्यंत थांबा.

उजाडल्यावर लगेच खोलीकडे वळू नका. अस्सी घाटावर २०१४ पासून रोज पहाटे 'सुबह-ए-बनारस' होतं. गंगेची आरती, मग तासाभराचं सकाळचं गायन-वादन. रात्रभर जागलेल्या कानाला तिथला अहीरभैरव किंवा बैरागी राग फार गोड लागतो. मग वाटेत गरम कचौडी आणि जिलबी, आणि झोप. मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, मात्र शोधू नका, ती थंडीतली, एप्रिलमध्ये मिळत नाही.

परतीचं तिकीट शेवटच्या रात्रीनंतरच्या सकाळचं अजिबात काढू नका. शेवटची भैरवी कधी सुरू होईल आणि कधी संपेल याला वेळ लावलेली नसते. संध्याकाळची गाडी घ्या, किंवा सरळ दुसऱ्या दिवसाची. लाडू निघायच्या दिवशीच घ्या, आधी घेतलेले उन्हात वास धरतात.